थेरपिस्टला तालुक्याला पाठवा: सार्वजनिक आरोग्य विभागास एका आईचे खुले पत्र

प्रति,
मा. सचिव,
सार्वजनिक आरोग्य विभाग, महाराष्ट्र शासन,
मंत्रालय, मुंबई.

प्रत माहितीसाठी व कार्यवाहीसाठी: दिव्यांग कल्याण विभाग, सर्व जिल्हा परिषदांचे मुख्य कार्यकारी अधिकारी.

विषय: जन्मताना इजा झालेल्या बाळांना तालुक्याच्या ठिकाणी नियमित थेरपी मिळण्याबाबत.

महोदय,

सविनय नमस्कार.

माझी मुलगी साडेतीन वर्षांची आहे. आम्ही मराठवाड्यातल्या एका तालुक्यात राहतो. बाळंतपणात तिचं डोकं बाहेर आलं आणि खांदा अडकला. बाळ बाहेर काढताना मानेतून हाताकडे जाणाऱ्या नसा ताणल्या गेल्या आणि तिचा उजवा हात लुळा पडला. डॉक्टर याला ‘एर्ब्ज पाल्सी’ म्हणतात. त्या रात्रीबद्दल माझी कुणाविरुद्ध तक्रार नाही. बाळ चार किलोच्या वर होतं. खांदा अडकला की हाताशी मोजकी मिनिटंच असतात, आणि तेवढ्यात त्या सिस्टरनी तिला जिवंत बाहेर काढून माझ्या कुशीत दिली. मोठ्या शहरातल्या तज्ज्ञांच्या हातूनही ही इजा होते, आणि कुणी काहीही चूक न करताही होते. हे पत्र त्या रात्रीनंतर जे झालं, किंवा झालं नाही, त्याबद्दल आहे.

तिला गरज होती थेरपीची. थेरपी ही लस नव्हे, ऑपरेशनही नव्हे. ती रोज घरी करायची असते, आणि आपण बरोबर करतोय का हे जाणकार माणसाला दर आठवड्या-पंधरवड्याला दाखवायचं असतं. आपल्या योजना मात्र मूल शोधतात, त्याची नोंद करतात आणि जिल्ह्याला पाठवतात. त्यापुढे ते मूल तिथे दुसऱ्यांदा पोचलं का, दहाव्यांदा पोचलं का, हे कुणी विचारत नाही. म्हणून मागणी सुरुवातीलाच लिहिते: जिल्ह्याचा फिजिओथेरपिस्ट आठवड्यातून एक ठरलेला दिवस प्रत्येक तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात बसवा. हे का हवं आणि कसं जमेल, ते आता लिहिते.

डिस्चार्जच्या कागदावर बाळाचं वजन होतं, बीसीजी दिल्याची नोंद होती, माझ्या टाक्यांबद्दल होतं. हाताबद्दल एक ओळही नव्हती. तोंडी सांगितलं ते एवढंच: “झटका बसलाय, आठ-पंधरा दिवसांत हलवायला लागेल.” यात खोटं काही नव्हतं. बहुतेक बाळांचा हात आपोआप सुधारतो. अडचण अशी की कुठल्या बाळाचा सुधारणार हे पहिल्या आठवड्यात कुणालाच सांगता येत नाही. नस भरून यायला महिने लागतात आणि तेवढ्या काळात न हलणारा सांधा आखडतो. नस जागी झाली तरी आखडलेला खांदा तिला हात वर नेऊ देत नाही. म्हणून वाट बघत असतानाच सांधा मोकळा ठेवायचा असतो, आणि हे आईला पहिल्या महिन्यातच शिकवायला हवं. शिवाय तीन महिन्यांचं बाळ कोपरात हात वाकवू लागलं नाही, तर त्याला नसांच्या सर्जनकडे न्यावं लागतं, कारण नसेचं ऑपरेशन पहिल्या वर्षातच करायचं असतं. फार उशीर झाला की स्नायूच नसेला दाद देत नाही. “होईल आपोआप” या सल्ल्याला अशी मुदत असते, आणि ती आम्हाला कुणी सांगितली नाही.

मग घरी जे होतं ते झालं. आमच्याकडे बाळंतिणीला आणि बाळाला मालिश करायला मावशी येतात. त्यांनी कित्येक बाळं न्हाऊ-माखू घातली आहेत. तेल लावून झालं की दोन्ही हात छातीवर आडवे-तिडवे घालून कातर करायची, मग बाजूला ताणायचे, ही त्यांची पद्धत. धडधाकट बाळाला ती चालते, बाळ खिदळतंसुद्धा. ताणलेल्या नसेच्या बाळाला सुरुवातीच्या दिवसांत हात असा ओढायचा नसतो, आणि काखेत हात घालून उचलायचंही नसतं. मावशींना हे कोण सांगणार? सासूबाई ओव्याची पुरचुंडी तव्यावर गरम करून खांदा शेकायच्या. घरातला प्रत्येक माणूस त्या हातासाठी काही ना काही करत होता, मनापासून करत होता. योग्य काय ते सांगणारा माणूस तेवढा नव्हता.

आमच्या आशाताई नेमाने येत होत्या. दवाखान्यात जन्मलेल्या बाळाकडे त्यांनी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी जायचं असतं. घरोघरी जाऊन नवजात बाळाची काळजी घेण्याची ही पद्धत आपल्या गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ने सिद्ध करून दाखवली आणि पुढे देशाने स्वीकारली. तिने बाळं वाचवली आहेत, याबद्दल माझ्या मनात कृतज्ञताच आहे. आशाताईंच्या तपासणी फॉर्मवर एक प्रश्न असतो: बाळाचे सगळे हातपाय ढिले पडलेत का? तो जंतुसंसर्ग ओळखण्यासाठी आहे आणि महत्त्वाचा आहे. माझ्या मुलीचे सगळे हातपाय ढिले नव्हते, एकच हात ढिला होता. आशाताईंनी प्रामाणिकपणे ‘नाही’ लिहिलं. तो हात त्यांना दिसत होता, त्या हळहळल्याही, पण त्यांच्या कागदावर त्याला जागा नव्हती आणि कुणाला कळवायचं हे त्यांना सांगितलेलं नव्हतं. “दोन्ही हात सारखे हलतात का?” एवढा एक प्रश्न त्या फॉर्मवर वाढवायला किती खर्च येईल?

तिचा हात कागदावर पहिल्यांदा आला तो चौथ्या महिन्यात, अंगणवाडीत. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक तपासणीला आलं होतं. हा कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्याच राज्यात, पालघरला सुरू झाला. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी, गाडीतून येणारे दोन डॉक्टर, नर्स, औषध देणारा माणूस, आणि जिल्ह्याला जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्र, ज्याला सगळे डीईआयसी म्हणतात. कागदावर या केंद्रात बालरोगतज्ज्ञ, फिजिओथेरपिस्ट, वाचा-श्रवणतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, विशेष शिक्षक असे सगळे एका छताखाली हवेत. ज्याने ही रचना केली त्याला मुलांचं काय अडतं ते कळत होतं. पथकातल्या डॉक्टर मॅडमनी तिचा हात धरून पाहिला, कोपर वाकतंय का पाहिलं आणि लगेच चिठ्ठी लिहिली. “उशीर करू नका,” असं बजावून सांगणाऱ्या त्या पहिल्याच.

जिल्ह्याचं ठिकाण आमच्यापासून सत्तर किलोमीटरवर. गावातून तालुक्याला जीप, तालुक्याहून एसटी, तिथून रिक्षा. पहिल्या खेपेला फिजिओथेरपिस्ट दिव्यांग प्रमाणपत्राच्या बोर्डावर बसलेले होते. नंतर एकदा ते शिबिराला गेले होते. पुढे पद कंत्राटी असल्याने नेमणुकीचं नूतनीकरण होईपर्यंत खोलीला कुलूप होतं. प्रत्येक वेळी कारण खरं होतं. त्या एका माणसावर पूर्ण जिल्ह्याची मुलं, शिवाय लकवा झालेले म्हातारे, मोडलेली हाडं, बोर्ड आणि शिबिरं. मी त्यांना दोष देत नाही. भेटले तेव्हा त्यांनी मला जे शिकवलं त्यावर माझी मुलगी आज इथवर आली आहे.

काय शिकवलं ते सांगते, म्हणजे मागणी किती साधी आहे ते कळेल. बाळाला पाठीवर झोपवायचं. एका तळव्याने तिच्या पाठीमागचं खांद्याचं पातं दाबून धरायचं, ते हलू द्यायचं नाही. दुसऱ्या हाताने तिचं कोपर कुशीला टेकवून काटकोनात वाकवायचं आणि पुढचा हात हळूहळू बाहेरच्या बाजूला न्यायचा, जिथे अडेल तिथे थांबायचं, धरायचं, सोडायचं. पातं धरलं नाही तर हात गेल्यासारखा दिसतो, पण खांद्याचा सांधा जागचा हलतच नाही. मी आधी मोबाईलवर व्हिडिओ बघून करत होते त्यात हीच गोष्ट सुटत होती. त्यांनी माझा तळवा धरून बरोबर जागेवर ठेवला, तेव्हा बोटांखाली ते पातं पळताना मला जाणवलं. झबलं घालताना दुखरा हात आधी घालायचा, काढताना तो शेवटी काढायचा. खुळखुळा उजव्या बाजूला धरायचा. पाजताना तो हात माझ्या अंगाखाली दडपायचा नाही. यातल्या कुठल्याही गोष्टीला मशीन लागत नाही, औषध लागत नाही, वीजही लागत नाही. एक शिकलेला माणूस लागतो, जो आईचा हात धरून दाखवेल आणि पंधरा दिवसांनी पुन्हा बघून सांगेल की आता हा व्यायाम सोडा, हा नवीन धरा. मूल वाढतं तसे व्यायाम बदलतात. रांगायला लागलं की वेगळे, बसायला लागलं की वेगळे. एकदा दाखवून ‘घरी करा’ म्हणणं पुरत नाही.

आणि इथेच अंतर आडवं येतं. मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, त्याचा मला खरोखर आधार झाला. पण तिकीट अर्धं झालं तरी दिवस अख्खाच जातो. मी एका पतसंस्थेत काम करते. पगार कापून का होईना, सुट्टी मिळाली. जी बाई रोजाने खुरपायला जाते तिचा रोज बुडतो आणि मुकादमाचं बोलणं वेगळं. घरी मोठं मूल असेल तर त्याला कुठे ठेवायचं? नवऱ्याने एकदा विचारावं, “एवढं जाऊन करतात काय? हातच हलवतात ना, तो तू हलवतेस की,” म्हणजे संपलं. माझ्या घरी हा प्रश्न निघाला नाही. माझ्याबरोबर त्या बाकावर बसणाऱ्या बायकांच्या घरी निघाला, आणि त्या दिसेनाशा झाल्या. त्या निष्काळजी नव्हत्या. दूध अंगावर पिणारं बाळ घेऊन, उन्हाळ्यात, तीन गाड्या बदलून, पंधरा मिनिटांच्या थेरपीसाठी, तीसुद्धा मिळेल की नाही याची खात्री नसताना, दर आठवड्याला कोण जाऊ शकेल याचा विचार आपणच करा.

मध्यंतरी आम्ही तालुक्याला खाजगीत दाखवलं. तिथले फिजिओ भले गृहस्थ, एका वेळचे चारशे रुपये घ्यायचे. त्यांनीच सांगितलं, “मी गुडघे आणि कंबर बघतो, एवढ्या लहान बाळाचं मी केलेलं नाही.” त्यांच्या या सरळपणाबद्दल मला आदर वाटतो. खाजगीत मुलांची थेरपी करणारे शहरात बसतात, कारण त्यांचं पोट तिथे भरतं. गावात ही सोय बाजार करणार नाही. ती शासनालाच करावी लागेल.

माझी मुलगी तरी सुदैवी म्हणायची. पाचव्या महिन्यात शहरात तज्ज्ञांना दाखवलं तेव्हा कोपर वाकायला लागलं होतं, त्यामुळे नसेच्या ऑपरेशनची गरज पडली नाही. हात आता कानापर्यंत जातो. खांदा मात्र आत वळलेला राहिला आणि तळवा पुरता वर होत नाही. देवळात तीर्थ घ्यायला ती डावा हात पुढे करते. कुणीतरी मोठं माणूस म्हणतं, “बाळा, उजव्या हातात घ्यावं,” आणि ती उजवा पुढे करते, तर पळीतलं पाणी तिरक्या तळव्यावरून ओघळून जातं. पहिल्या तीन महिन्यांत खांदा मोकळा ठेवायला शिकवलं असतं तर हे टळलंच असतं असं छातीठोकपणे कुणी म्हणणार नाही. पण पुष्कळ मुलांचं टळतं, आणि म्हणूनच हे पत्र.

आमच्या वाडीवरच्या एका मुलाची गोष्ट याहून अवघड आहे. तो जन्मल्यावर रडला नाही. काही दिवस जिल्ह्याच्या नवजात अतिदक्षता कक्षात, ज्याला आमच्याकडे ‘काचेची पेटी’ म्हणतात, तिथे होता. जीव वाचला, त्या डॉक्टर-नर्सचे उपकारच. पण मेंदूला प्राणवायू कमी पडला होता. मान धरत नव्हता तरी “काही मुलं उशिरा धरतात” यात वर्ष गेलं. दीड वर्षाचा झाला तेव्हा सेरेब्रल पाल्सी म्हणून निदान झालं. त्याचे आई-वडील ऊस तोडायला जातात. दिवाळी झाली की टोळीबरोबर निघायचं, पश्चिम महाराष्ट्रात कारखान्याच्या तळावर कोपी, म्हणजे झोपडी, टाकायची, आणि परतायचं ते पट्टा पडल्यावर, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपल्यावर, उन्हाळ्याच्या तोंडाशी. म्हणजे वर्षातले पाच-सहा महिने मूल जिल्ह्यातच नसतं. ज्या केंद्रात त्याची फाईल आहे तिथे ते पोचू शकत नाही, आणि ज्या तालुक्यात ते असतं तिथे त्याची फाईल नाही.

एकदा मी त्यांच्याकडे गेले होते. त्याची आई त्याला मांडीवर आडवा झोपवून, मान मागे टाकून, पातळ भात भरवत होती. त्याला ठसका लागत होता, डोळे पांढरे होत होते, आणि ती म्हणाली, “असंच होतं ताई रोज, खाल्लेलं छातीत जातं.” अशा मुलाला बसवून, पाठीला आधार देऊन, मान जराशी पुढे ठेवून, घट्टसर घास जिभेवर ठेवून भरवायचं असतं. हे शिकवायला कुणीतरी अर्धा तास तिच्या शेजारी बसायला हवं होतं. ते मूल वरचेवर न्यूमोनियाने दवाखान्यात दाखल होतं, आणि त्या दाखल होण्याचा खर्च महात्मा फुले जन आरोग्य योजनेत बसतो. भरवायला शिकवणारा अर्धा तास कुठल्याही योजनेत बसत नाही. ती योजना दाखल होऊन करायच्या उपचारांची आहे. दर आठवड्याची थेरपी तिच्यात येत नाही.

त्या मुलासाठी राष्ट्रीय न्यासाची निरामय विमा योजना आहे, वर्षाला एक लाखापर्यंत, आणि तीत थेरपीचा खर्चही धरला आहे. चांगली योजना. पण आधी पैसे खिशातून भरायचे, पावत्या जोडायच्या, मग परतावा. ज्याच्या खिशात ते पैसे आधी असतील त्याला ती उपयोगी. शिवाय थेरपिस्टच नसेल तर पावती कुणाची जोडायची? माझ्या मुलीला तर ती लागूच नाही, कारण न्यासाच्या कायद्यात स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व आणि बहुविकलांगता एवढंच येतं.

महोदय, मी काही मेहेरबानी मागत नाही. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा २०१६ मध्ये झाला, एप्रिल २०१७ पासून लागू आहे. त्याचं कलम २५ सांगतं की दिव्यांग व्यक्तींना, कुटुंबाच्या उत्पन्नाच्या ठरवलेल्या मर्यादेत, मोफत आरोग्यसेवा जवळच्या परिसरात मिळाली पाहिजे, आणि तिथे ग्रामीण भागाचा उल्लेख खास करून केलेला आहे. सत्तर किलोमीटर हा ‘जवळचा परिसर’ कुठल्याच अर्थाने नाही. महाराष्ट्राने डिसेंबर २०२२ मध्ये दिव्यांगांसाठी स्वतंत्र विभाग केला. त्या विभागाला आणि आपल्या विभागाला मिळून हे एक काम सहज करता येण्यासारखं आहे.

ते कसं जमेल, याबद्दल आम्ही पालकांनी आपापसांत पुष्कळ बोलून जे सुचलं ते लिहिते. अधिकाऱ्यांना यापेक्षा चांगलं सुचलं तर तसं करावं.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाची गाडी तालुक्यात रोज फिरतेच. आज तिच्यातून मुलं शोधणारे येतात. आठवड्यातून एकदा तिच्यातून थेरपिस्टला येऊ द्या. जिल्ह्याचा एकच फिजिओथेरपिस्ट सगळ्या तालुक्यांना पुरणार नाही हे मला कळतं. म्हणून दोन-तीन तालुक्यांमागे एक थेरपिस्ट, आठवड्याचे ठरलेले वार, आणि त्या दिवशी त्याला बोर्डावर किंवा शिबिराला बसवायचं नाही असा स्पष्ट लेखी आदेश, असं करता येईल. हा शेवटचा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा आहे. येणार म्हणून सांगितलेला माणूस दोनदा आला नाही, की तिसऱ्यांदा आई येत नाही.

पैशांचं म्हणाल तर ग्रामपंचायतीपासून जिल्हा परिषदेपर्यंत प्रत्येक स्थानिक संस्थेने स्वतःच्या उत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो. आमच्याकडे त्यातून वर्षाअखेरीला वस्तू वाटल्या जातात किंवा थोडी थोडी रक्कम खात्यावर टाकली जाते. ज्याला मिळते त्याला तिचा उपयोग होतो, मी ती बंद करा म्हणत नाही. पण तालुक्यातल्या ग्रामपंचायती आणि जिल्हा परिषद मिळून त्या निधीतला एक भाग थेरपिस्टच्या मानधनाला आणि एका खोलीतल्या चटया, लोड, मुलाला आधार देऊन बसवायची कोपऱ्याच्या आकाराची खुर्ची यांना दिला तर वर्षभराची सोय होते. असा खर्च ‘नियमात बसत नाही’ असं आम्हाला तोंडी सांगितलं गेलं. तो बसतो, असं शासनाने एकदा लिहून द्यावं.

राज्यात फिजिओथेरपीची कॉलेजं शहरांत आहेत तशी लोणीसारख्या ग्रामीण भागातही आहेत. त्यांतली बरीच नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी जोडलेली आहेत, आणि पदवीच्या शेवटी विद्यार्थ्यांना इंटर्नशिप असतेच. तिच्यातला काही काळ ग्रामीण रुग्णालयात, अनुभवी थेरपिस्टच्या हाताखाली ठेवला तर मुलांना थेरपी देणारे हात मिळतील आणि त्या तरुण मुलामुलींना लहान बाळं हाताळायची सवय होईल. आमच्या तालुक्यातल्या त्या फिजिओंना शिकताना ही संधी मिळाली असती तर त्यांनी माझ्या मुलीला परत पाठवलं नसतं.

मधल्या आठवड्यांसाठी ई-संजीवनी आहेच. आरोग्य उपकेंद्रातल्या समुदाय आरोग्य अधिकारी मॅडम त्यावरून डॉक्टरांशी बोलणं करून देतात. त्याच खिडकीतून महिन्यातून एकदा थेरपिस्टने आईला व्यायाम करताना पाहिलं तर चूक तिथल्या तिथे दुरुस्त होईल. पण हे दुय्यम. पहिल्यांदा आईचा हात हातात धरूनच शिकवावं लागतं, ते फोनवरून होत नाही. मी करून पाहिलं आहे. ऊसतोड कुटुंबांच्या मुलांसाठी मात्र हीच सोय मोलाची ठरेल. त्यांच्या हातात व्यायामांच्या चित्रांचा एक कागद द्या, आणि ते ज्या तालुक्यात जाणार तिथल्या केंद्राला आधी कळवा. टोळ्या कुठून कुठे जातात हे आमच्या गावातला प्रत्येक मुकादम सांगू शकतो.

थेरपी सुरू करायला प्रमाणपत्र मागू नये. लहान मुलांना बहुधा तात्पुरतं प्रमाणपत्र मिळतं, तेही बोर्डाच्या वारी, बऱ्याच खेपा घालून. एकाच हाताला इजा असलेल्या मुलांची टक्केवारी चाळीसच्या खाली आली की बहुतेक योजनांच्या लेखी ती दिव्यांगच राहत नाहीत. बाळाचा खांदा टक्केवारीची वाट बघत थांबत नाही. तसंच जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात वर्षाच्या आतल्या आजारी बाळाला मोफत गाडी मिळते, पण थेरपीला न्यायला मागितली तर “बाळ आजारी कुठे आहे?” असं विचारलं जातं. जन्मताना इजा झालेलं बाळ पहिलं वर्षभर त्यात धरावं, एवढं एक परिपत्रक काढावं.

आणि आकडे वेगळे मागवा. आज जिल्ह्याकडून वर जातो तो किती मुलं तपासली, किती संदर्भित केली याचा आकडा. माझी मुलगी त्या आकड्यात पहिल्याच चिठ्ठीला मोजली गेली असणार, तिला थेरपी मिळायच्या कितीतरी आधी. त्याऐवजी दर तिमाहीला विचारा: संदर्भित केलेल्यांपैकी किती मुलांना सलग थेरपी मिळाली, आणि जी यायची थांबली ती का थांबली? यायची थांबलेल्या मुलाच्या घरी आशाताईंनी एकदा जावं आणि त्या फेरीचा मोबदला त्यांना वेगळा द्यावा. आधीच त्यांच्या डोक्यावर किती कामं आहेत ते आम्ही रोज बघतो.

अंगणवाडीसाठी केंद्राने २०२३ मध्ये दिव्यांग मुलांबाबतची कार्यपद्धती काढली आहे. आमच्या सेविकाताईंना तिची माहिती आहे, त्या उत्साहाने बोलतात. मूल ओळखायचं त्या शिकल्या. ओळखल्यावर पाठवायचं कुठे, या प्रश्नाशी त्याही येऊन थांबतात. वयाच्या सहा वर्षांनंतर शाळेच्या विशेष शिक्षकांची काही मदत मिळते. पण नसा आणि मेंदू सगळ्यात जास्त साथ देतात ती पहिली दोन-तीन वर्षं, आणि नेमक्या त्याच वर्षांत आमच्या तालुक्यात कुणी नाही.

प्रसूतिगृहातून घरी सोडताना प्रत्येक बाळाचे दोन्ही हात सारखे उचलले जातात का हे बघून माता-बाल संरक्षण कार्डावर लिहावं. न उचलणाऱ्या बाळाच्या आईला कसं धरायचं, कपडे कसे घालायचे, मालिश करणाऱ्या बाईला काय सांगायचं आणि तिसरा महिना संपायच्या आत कुठे जायचं, हे मराठीत छापलेलं एक पान द्यावं. हे पान लिहायला आम्ही पालक हवी ती मदत करू.

पहिल्या टप्प्यात सगळे तालुके जमणार नाहीत. मग जिल्ह्यापासून सगळ्यात लांबचे तालुके आधी घ्या. वार ठरवताना तालुक्याच्या आठवडी बाजाराचा दिवस घ्या, कारण त्या दिवशी प्रत्येक वाडीवरून जीप सुटते आणि बाई बाजाराच्या निमित्ताने घराबाहेर पडू शकते. खोलीच्या दारावर थेरपिस्टचं येणं-जाणं लिहिलेला फलक लावा, आणि ते येणार नसतील तर आदल्या दिवशी आशाताईंच्या गटावर तसा निरोप टाका. आमच्या तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात जुन्या ओपीडीच्या मागे एक खोली रिकामी आहे. खिडक्या आहेत, पाणी आहे, पायऱ्या नाहीत. रंगरंगोटी आणि चटयांचं आम्ही पालक बघू. माणूस आपण पाठवा.

आपली नम्र,
एक आई
(मराठवाड्यातल्या एका तालुक्यातून, याच वाटेने जाणाऱ्या इतर पालकांच्या वतीनेही)